शालेय रसायन, सूक्ष्मजीव आणि पेशी : नागपूरच्या विद्यार्थ्यांचे व पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इयत्ता सातवी ते दहावीच्या विज्ञानातील ज्या कल्पनांपाशी नागपुरातील मुले आणि त्यांचे पालक पुन्हा पुन्हा अडतात, त्यांविषयीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. अनेक वर्षे हा विषय शिकवताना मला असे दिसले आहे की, अडचणीचे मूळ बहुतेक वेळा एखाद्या शब्दात असते. रसायन, सूक्ष्मजीव आणि पेशी हे धडे पुस्तकात दूर दूर छापलेले असले, तरी कूलर, विरजण किंवा संत्र्याची फोड नीट पाहू लागलो की ते एकमेकांत मिसळलेले सापडतात. म्हणून उत्तरांतील उदाहरणे शक्यतो घरातली आणि आपल्या भागातली घेतली आहेत.

शेजारच्या हिंदी माध्यमातील मैत्रिणीच्या पुस्तकात ‘पानी का अणु’ असे छापले आहे आणि आमचे शिक्षक ‘पाण्याचा अणू’ चूक धरतात. बरोबर कोण?

दोघेही बरोबर आहेत, आणि हा घोटाळा नागपुरात इतर ठिकाणांपेक्षा अधिक होतो, कारण येथे मुले घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि सेमी-इंग्लिशच्या वर्गात तिसरीच भाषा वापरतात. मराठी पाठ्यपुस्तकात मूलद्रव्याच्या, रासायनिक अभिक्रियेत भाग घेणाऱ्या सर्वांत लहान कणाला अणू म्हणतात आणि अणू एकमेकांना जोडले जाऊन जो कण तयार होतो त्याला रेणू म्हणतात. हिंदीत मराठीच्या अणूला ‘परमाणु’ आणि मराठीच्या रेणूला ‘अणु’ म्हणतात. त्यामुळे हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून झालेला कण मराठीत ‘पाण्याचा रेणू’ आणि हिंदीत ‘पानी का अणु’ होतो.

अशा आणखी दोन-तीन जोड्या लक्षात ठेवाव्यात. मराठीत आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार व पाणी तयार होते. हिंदीत मात्र ‘क्षार’ हा शब्द आम्लारीच्या जागी येतो आणि आपल्या क्षाराला ‘लवण’ म्हणतात. म्हणजे एकच शब्द एका भाषेत अभिक्रियेच्या सुरुवातीला उभा असतो आणि दुसऱ्या भाषेत शेवटी. मराठीतील ‘पेशी’ हिंदीत ‘कोशिका’ असते, तर हिंदीतील ‘मांसपेशी’ म्हणजे आपला स्नायू; आणि हिंदी पुस्तकातील ‘स्नायु’ म्हणजे हाडाला हाड जोडणारा बंध, ज्याला आपण अस्थिबंध म्हणतो. परीक्षेत ज्या भाषेत उत्तर लिहायचे असेल, त्या भाषेतील शब्दांची जोडी करून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवणे हा साधा उपाय मला सर्वांत उपयोगी वाटतो.

मूलद्रव्य आणि त्याचे संयुग यांचे गुणधर्म एवढे वेगळे कसे असतात?

पुस्तकात याचे उदाहरण बहुधा सोडियम आणि क्लोरीन यांचे असते, पण नागपूर जिल्ह्याजवळ स्वतःचे उदाहरण आहे. रामटेक तालुक्यातील मनसर आणि कांद्री येथे मँगनीजच्या खाणी आहेत. शुद्ध मँगनीज हा करड्या रंगाचा, कठीण पण ठिसूळ धातू आहे आणि पोलाद तयार करताना तो वापरतात. त्याचे ऑक्सिजनशी झालेले संयुग, मँगनीज डायऑक्साइड, काळी भुकटी असते. टॉर्चच्या जुन्या पद्धतीच्या सेलमधील काळ्या मिश्रणात तीच असते. त्याच मँगनीजचे पोटॅशियम व ऑक्सिजनसह झालेले पोटॅशियम परमँगनेट हे संयुग मात्र गडद जांभळे असून पाण्यात चिमूटभर टाकले तरी सारे भांडे रंगवते.

मँगनीजचा अणू तिन्ही ठिकाणी मँगनीजचाच राहिला, कारण त्याच्या केंद्रकातील २५ प्रोटॉन कोणत्याही रासायनिक अभिक्रियेत बदलत नाहीत. बदलली ती त्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी आणि शेजारी. रंग, विद्राव्यता, अभिक्रियाशीलता हे गुण याच मांडणीतून येतात. संयुगात घटक ठरावीक वजनी प्रमाणात असतात आणि मिश्रणात ते कसेही असू शकतात, ही पुस्तकातील ओळ याच्या जोडीने वाचली म्हणजे खाणीतील दगड हा मिश्रण का आणि जांभळा स्फटिक हा संयुग का, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

मोल म्हणजे नेमके काय? मुलगी सूत्र वापरते, पण तिला अर्थ सांगता येत नाही.

डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे एक संख्या: ६०२२ या आकड्यापुढे वीस शून्ये लिहिली की साधारण तेवढी. रेणू मोजता येत नाहीत, तोलता येतात, म्हणून ही संख्या निवडली आहे. पाण्याचे रेणुवस्तुमान १८ असते आणि १८ ग्रॅम पाण्यात बरोबर एक मोल रेणू असतात. एका लहान पेल्यात १८० मिलिलिटर पाणी घेतले, तर त्यात १० मोल रेणू आले. मुलीला सूत्राऐवजी आधी हा पेला समोर ठेवून विचारावे की अर्ध्या पेल्यात किती मोल आहेत. हे उत्तर तिने दिले की पुढची उदाहरणे ती स्वतः करते, असा माझा अनुभव आहे.

पाणी १०० अंशांना उकळते, तर मे महिन्यात ४५ अंशांना कूलरमधील पाण्याची वाफ कशी होते?

हा प्रश्न ज्या मुलाला पडतो त्याला उत्कलन आणि बाष्पीभवन यांतील फरक अर्धा समजलेला असतो. द्रवातील सर्व रेणूंचा वेग सारखा नसतो. पृष्ठभागाजवळ असलेले आणि वेगाने धावणारे काही रेणू शेजाऱ्यांचे आकर्षण तोडून हवेत निघून जातात आणि हे कोणत्याही तापमानाला चालू असते. वेगवान रेणू निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांचा सरासरी वेग घटतो, म्हणजेच उरलेले पाणी थंड होते. कूलरच्या ओल्या ताट्यांमधून हवा जाताना प्रत्येक ग्रॅम पाण्याच्या वाफेसाठी सुमारे २४०० जूल उष्णता त्या हवेतून आणि पाण्यातून घेतली जाते. तेच एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला केवळ ४.२ जूल लागतात, यावरून या थंडाव्याचा जोर लक्षात येईल. पावसाळा सुरू झाला की हवेत आधीच भरपूर वाफ असते, जेवढे रेणू बाहेर जातात जवळपास तेवढेच परत येतात, आणि म्हणून जुलैमध्ये तोच कूलर खोली थंड न करता केवळ दमट करतो.

उकळताना वाफ फक्त पृष्ठभागावर न होता द्रवाच्या आतही बुडबुडे धरते आणि त्यासाठी पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरील हवेच्या दाबाएवढा व्हावा लागतो. ‘१०० अंश’ हा आकडा समुद्रसपाटीच्या दाबासाठी आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्यामुळे येथे पाणी साधारण ९९ अंशांना उकळते. प्रयोगशाळेतील तापमापी ९९ दाखवते म्हणून ती बिघडली, असे समजून मुले वहीत १०० लिहितात. तसे कधीही करू नये. जे दिसले ते लिहावे आणि त्याचे कारण लिहावे.

कूलरच्या ताट्यांवर आणि नळाच्या तोंडाशी जमणारा पांढरा थर कशाचा असतो?

बोअरवेलचे पाणी खडकांच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून आणते. अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात. नागपूरच्या पश्चिमेकडे जो काळा बेसॉल्ट खडक आहे, त्याच्या खनिजांतही ही दोन्ही मूलद्रव्ये आहेत. कूलरमधून पाण्याचे रेणू उडून जातात, क्षार मात्र मागेच राहतात आणि रोज नवे पाणी ओतले की त्यांची भर पडते. काही आठवड्यांनी द्रावण संपृक्त होऊन थर जमू लागतो. त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते, म्हणजे रासायनिक दृष्टीने शहाबादी फरशी आणि हा थर एकाच घराण्यातले आहेत. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकल्यावर तो फसफसतो. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे असतात. बाष्पीभवनाने थर जमणे हा भौतिक बदल आणि आम्लाने तो फसफसणे हा रासायनिक बदल, अशी विभागणी मुले करतात. दुसरा भाग बरोबर आहे. पहिल्यात एक बारीक गोष्ट राहून जाते: पाण्यात असते ते कॅल्शियम बायकार्बोनेट, आणि त्याचे कार्बोनेट होताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून तेथेही रासायनिक बदल झालेला असतो. तूरडाळ बोअरच्या पाण्यात लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, यामागेही हेच कॅल्शियम व मॅग्नेशियम आहेत. साबणाशी त्यांचा न विरघळणारा चोथा तयार होतो.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता, म्हणजेच दुष्फेनपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजल्यास, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते.

हळदीने आम्ल ओळखता येते का?

येत नाही. हळद हा आम्लारीचा दर्शक आहे. वरणाचा डाग साबणाने लाल होतो, कारण साबणाचे द्रावण आम्लारिधर्मी असते, आणि त्यावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. पण साध्या पाण्यातही हळद पिवळी आणि लिंबाच्या रसातही पिवळीच राहते, त्यामुळे ‘पिवळी राहिली म्हणजे आम्ल आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही. दोन्हीकडे रंग बदलणारा दर्शक हवा असेल, तर लाल जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात चुरून घ्याव्यात: आम्लात ते पाणी गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवट होते.

संत्रे आंबट असूनही ते शरीरातील ‘आम्ल कमी करते’ असे ऐकतो. हे खरे आहे का?

संत्र्याच्या रसाचा सामू (pH; तो ७ पेक्षा कमी असला की द्रावण आम्लधर्मी) साधारण ३ ते ४ असतो, म्हणून रस आम्लधर्मीच आहे आणि परीक्षेतही तसेच लिहावे. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात फुप्फुसे आणि मूत्रपिंडे राखतात. तो एखाद्या फळाने इकडचा तिकडे होत नाही. संत्रे खाण्याची पुरेशी चांगली कारणे आहेत, हे कारण मात्र त्यांत नाही.

संत्र्याची साल फुग्याजवळ पिळली की फुगा फुटतो. हे आम्लामुळे होते का?

आम्लामुळे नाही. आंबट रस फोडींत असतो. सालीच्या बारीक ग्रंथींत तेल असते आणि त्यात प्रामुख्याने लिमोनीन नावाचे संयुग असते. लिमोनीन कार्बन आणि हायड्रोजन यांचेच बनलेले आहे. रबरही त्याच दोन मूलद्रव्यांची लांब साखळी आहे, आणि समान स्वभावाचे पदार्थ एकमेकांत विरघळतात. तेलाच्या फवाऱ्याने रबर त्या ठिकाणी मऊ व कमकुवत होते आणि ताणलेला फुगा फुटतो. थर्माकोलच्या तुकड्यावर हेच तेल टाकले तर खड्डा पडतो. पाणी किंवा लिंबाचा रस टाकून पडत नाही. हे तेल ज्वलनशील असल्यामुळे मेणबत्तीजवळ साल पिळल्यास ठिणग्या उडतात, म्हणून तो प्रयोग मोठ्या माणसाच्या देखरेखीविना करू नये.

जीवाणू, विषाणू आणि पेशी यांच्या आकारांतील फरक मुलांना कसा समजवावा?

मायक्रोमीटर, नॅनोमीटर हे शब्द मुले पाठ करतात, पण डोळ्यांसमोर काही येत नाही. आपण असे समजू की फ्लूच्या विषाणूएवढा, म्हणजे सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाचा कण फुगून ७ सेंटिमीटरच्या संत्र्याएवढा झाला. त्याच प्रमाणात २ मायक्रोमीटर लांबीचा जीवाणू १.४ मीटर, म्हणजे सातवीतील मुलाच्या उंचीएवढा होईल. आपली तांबडी रक्तपेशी सुमारे ५ मीटर रुंद होईल, म्हणजे एक मोठी खोली भरेल. कांद्याच्या पापुद्र्यातील पाव मिलिमीटर लांबीची पेशी १७५ मीटर, म्हणजे एका लहान वस्तीएवढी होईल. आणि ग्लुकोजचा एक रेणू मात्र तेव्हाही खसखशीच्या दाण्याएवढाच राहील.

शाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची पेशी सहज दिसते, जीवाणू जेमतेम ठिपक्यांसारखे दिसतात आणि विषाणू दिसत नाहीत, याचे कारण येथे आहे: प्रकाशाने पाहताना सुमारे ०.२ मायक्रोमीटरहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे ओळखता येत नाहीत. भिंग कितीही वाढवले तरी ही मर्यादा सुटत नाही. विषाणू दिसू लागले ते १९३० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यानंतर.

विषाणू सजीव आहे की निर्जीव?

तो पेशी नाही, त्याला स्वतःचे चयापचय नाही आणि दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याची संख्या वाढत नाही. सजीव-निर्जीवाच्या सीमारेषेवरचा, असे पुस्तकात म्हटले आहे आणि शालेय पातळीवर एवढे उत्तर पुरेसे आहे.

दूध नासते आणि दूध विरजते, यात विज्ञानाच्या दृष्टीने फरक काय?

या प्रश्नावर मी वर्गात एक संपूर्ण तास देतो, कारण त्यात रसायन आणि सूक्ष्मजीव एकमेकांना भेटतात. दुधातील केसीन हे प्रथिन सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असते. या गोळ्यांवर ऋण प्रभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो. त्यात आम्ल वाढत गेले की हा प्रभार घटत जातो, आणि सामू ४.६ पर्यंत उतरला की गोळे एकमेकांना चिकटून जाळे तयार होते. दूध घट्ट होण्याची रासायनिक क्रिया एवढीच आहे. पनीर करताना लिंबू पिळून हे आम्ल आपण बाहेरून एकदम घालतो, तेथे सूक्ष्मजीवांची गरजच पडत नाही. दह्यात ते आम्ल विरजणातील लॅक्टिक आम्ल जीवाणू दुधातील लॅक्टोज या शर्करेपासून सावकाश तयार करतात. सावकाश झाल्यामुळे जाळे एकसंध बसते आणि दह्याची कवडी पडते; पनीरच्या वेळी एकदम झाल्यामुळे गोळे पाण्यापासून वेगळे होतात. नासलेल्या दुधात हवेतून, भांड्यातून आलेले कोणतेही जीवाणू वाढलेले असतात, ते आम्लाबरोबर इतर नकोसे पदार्थही करतात, आणि त्यात रोगकारक नाहीत याची खात्री देता येत नाही. विरजण म्हणजे आपण निवडलेल्या जीवाणूंना दिलेली आघाडी आहे. त्यांनी आम्ल वाढवले की बाकीच्यांना वाढणे कठीण जाते.

विरजण चमचाभरच का पुरते, याचे उत्तर गणितात आहे. अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होणारा एक जीवाणू आठ तासांत २४ वेळा दुप्पट होतो, म्हणजे एकाचे १,६७,७७,२१६ होतात. प्रत्यक्षात अन्न संपते आणि वाढलेले आम्ल त्यांनाच बाधते, त्यामुळे ही वाढ पुढे मंदावते. विरजणातील पुष्कळशा जीवाणूंना ४० अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघराचे तापमानच त्याच्या जवळ असते, म्हणून दही तीन-चार तासांत लागते आणि संध्याकाळपर्यंत आंबट होते. डिसेंबरच्या रात्री पारा १० अंशांकडे उतरला की तेच पातेले गरम कापडात गुंडाळून कणकेच्या डब्याशेजारी ठेवावे लागते. पातेले सारखे हलवू नये, असे आजी सांगते ते जाळे बसू देण्यासाठीच.

दूध किंवा पाणी उकळले की सर्व जीवाणू मरतात का?

वाढत असलेले रोगकारक जीवाणू मरतात. पाश्चरीकरणात तर दूध ७२ अंशांना केवळ १५ सेकंद ठेवतात, कारण तेवढ्यात धोकादायक जीवाणू नष्ट होतात. पण काही जीवाणू प्रतिकूल काळात जाड कवचाचे बीजाणू तयार करतात आणि ते उकळत्या पाण्यातही तग धरतात. म्हणूनच उकळलेले दूध बाहेर ठेवल्यास पुढे खराब होते. रुग्णालयातील उपकरणे १२१ अंशांच्या दाबयुक्त वाफेत सुमारे १५ मिनिटे ठेवतात; प्रेशर कुकर हा त्याच तत्त्वावरचा घरगुती भाऊ आहे.

पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो. हे पाणी खराब आहे का? त्याऐवजी तुरटी फिरवली तर चालेल का?

हलका वास हा पाणी खराब असल्याचे लक्षण नाही. क्लोरीन पाण्याशी अभिक्रिया करून हायपोक्लोरस आम्ल तयार करतो आणि ते सूक्ष्मजीवांची पटले व विकरे निकामी करते. पाणी घरापर्यंत येताना नळवाहिनीच्या गळतीतून घाण शिरण्याची शक्यता असते, म्हणून नळापाशीही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा असे मानक सांगते. उकळलेल्या पाण्याला असे शिल्लक संरक्षण नसते, त्यामुळे ते झाकून ठेवावे लागते. वास नको असल्यास पिण्यापूर्वी काही तास पाणी स्वच्छ भांड्यात ठेवले की तो कमी होतो.

तुरटीचे काम निराळे आहे. गढूळ पाण्यातील मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, तुरटीतील ॲल्युमिनियमचे धन प्रभारित आयन तो नाहीसा करतात, आणि कण एकत्र येऊन तळाशी बसतात. केसीनच्या बाबतीत वर जे पाहिले त्याच्याशी याचे नाते उघड आहे. पाणी नितळ होते, पण निर्जंतुक होत नाही. नितळ पाण्यातही कॉलऱ्याचे जीवाणू असू शकतात. तुरटीनंतर क्लोरीन किंवा उकळणे आवश्यकच आहे. पाणीशुद्धीकरणावर संशोधन करणारी, १९५८ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय संस्था, नीरी, आपल्याच शहरात आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

संत्र्यावर येणारी हिरवी बुरशी पेनिसिलियमची असते, मग ती खाल्ल्याने औषधाचा गुण येतो का?

कृपया खाऊ नये. संत्र्यावर येणारी हिरवी बुरशी पेनिसिलियम याच प्रजातीतील डिजिटाटम ही जात असते. औषधी पेनिसिलिन ज्या जातींपासून मिळते त्या वेगळ्या आहेत. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये जीवाणूंच्या बशीत पाहिलेली बुरशीही संत्र्यावरची नव्हती, आणि तिच्यातील द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करून औषध होण्यास पुढे दहा-बारा वर्षे आणि ऑक्सफर्डमधील फ्लोरी व चेन यांच्या गटाचे कष्ट लागले. नावातील साम्यावरून गुण ठरवणे ही चूक विज्ञानात महागात पडते.

याच ओघात येणारा दुसरा प्रश्न सर्दीवरील प्रतिजैविकांचा असतो. पेनिसिलिन जीवाणूंची पेशीभित्तिका बांधली जाऊ देत नाही. विषाणूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे साध्या सर्दीवर या औषधाला काम करण्यासारखे काही उरत नाही. शरीरातील निरुपद्रवी जीवाणू मात्र मरतात आणि औषधाला दाद न देणारे तेवढे वाढतात.

संत्र्याच्या फोडीतील रसाची एकेक पिशवी म्हणजे एकेक पेशी, असे उत्तर लिहिले. ते चूक का?

निरीक्षण चांगले आहे, निष्कर्ष मात्र चुकला. ती पिशवी फोडीच्या आतील आवरणावर उगवलेल्या केसासारखी वाढते आणि पुष्कळ पेशींची बनलेली असते. आत पातळ भित्तिकांच्या मोठ्या पेशी असतात आणि रस त्यांच्या रिक्तिकांत साठवलेला असतो. पुस्तकात रिक्तिकेला ‘साठवणूक करणारे अंगक’ म्हटलेले असते. साखर, सायट्रिक आम्ल आणि पाणी एकत्र साठवलेली ती जागा आपण दाताखाली फोडतो.

झाडाच्या पेशींत हरितलवके असतात, मग तंतुकणिका कशाला हव्यात?

हरितलवके अन्न तयार करतात. त्या अन्नातील ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा एटीपीच्या रूपात आणण्याचे काम तंतुकणिकांचे आहे. मुळांना तर हरितलवकेच नसतात. झाडे दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा श्वसन करतात.

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते आणि मनुका पाण्यात फुगतात. परासरण एकच असेल तर परिणाम उलटे का?

पेशीपटलातून पाणी सहज जाते, मीठ व साखर तशी जात नाहीत. पाणी नेहमी जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त, तिकडे जाते. कैरीच्या बाहेर मीठ जास्त म्हणून ते बाहेर येते. मनुक्याच्या आत साखर जास्त म्हणून ते आत शिरते. लोणच्यात शिरलेल्या जीवाणूंचेही कैरीप्रमाणेच पाणी निघून जाते, म्हणून लोणचे टिकते.

उन्हाळ्यात ओआरएस देताना साखर आणि मीठ दोन्ही का लागतात, हा याचाच पुढचा भाग आहे. लहान आतड्याच्या पेशींच्या पटलात असे प्रथिन असते जे सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते, आणि त्यांच्या मागोमाग परासरणाने पाणी आत जाते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण त्यासाठी आहे. चवीसाठी साखर वाढवल्यास आतड्यातील द्रावण रक्तापेक्षा दाट होते आणि पाणी उलट आतड्याकडे ओढले जाते, म्हणून प्रमाण पाळणे महत्त्वाचे आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या अशा द्रावणाने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले.

सिकलसेल हा आजार कोणत्या जंतूमुळे होतो? वर्गात असा मुलगा असेल तर इतरांना लागण होते का?

कोणत्याही जंतूमुळे होत नाही आणि एकत्र बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने, खेळल्याने तो कधीही लागत नाही. विदर्भातील अनेक समाजांत हा आजार असल्यामुळे हा प्रश्न आपल्या वर्गांत येतोच, आणि त्याचे उत्तर संदिग्ध राहिले तर एखाद्या मुलाला बाक बदलावा लागतो. म्हणून ते सविस्तर देतो.

तांबड्या रक्तपेशीत हिमोग्लोबिन हे प्रथिन असते. त्याच्या चार साखळ्यांपैकी दोन बीटा साखळ्या असतात आणि प्रत्येकीत १४६ अमिनो आम्ले ठरलेल्या क्रमाने जोडलेली असतात. सिकलसेलमध्ये सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. बाकीची १४५ जशीच्या तशी असतात. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो आणि ते पाण्यात रमते. व्हॅलीनवर प्रभार नसतो आणि ते लिमोनीनप्रमाणे पाणी टाळते. त्यामुळे ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठ दोरे होतात आणि मऊ, बशीसारखी गोल पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांतच नष्ट होते, म्हणून रक्तक्षय होतो. कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून असह्य वेदना होतात. शरीरातील पाणी कमी झाले की पेशीतीलही पाणी घटते, हिमोग्लोबिन दाट होते आणि दोरे अधिक लवकर बनतात. त्यामुळे अशा मुलाला एप्रिल-मेमध्ये तासाच्या मध्येही पाणी पिण्याची परवानगी शिक्षकांनी न मागता द्यावी.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन १९१० मध्ये प्रसिद्ध केले, हिमोग्लोबिनमध्येच दोष असल्याचे लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले, आणि एकाच अमिनो आम्लाचा फरक व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५० च्या दशकात शोधला. भारतात राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून त्यात तपासणीवर भर आहे.

आईवडील दोघेही निरोगी असताना मुलाला सिकलसेल कसा होतो? आणि पहिल्या मुलाला झाला तर पुढची तीन मुले सुरक्षित असतात का?

बीटा साखळीचे जनुक प्रत्येकाजवळ दोन असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले. एक सदोष आणि एक निर्दोष असेल तर ती व्यक्ती वाहक असते आणि तिला सहसा त्रास होत नाही, त्यामुळे तपासणीशिवाय ते कळत नाही. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजनात या दोनांपैकी एकच जनुक प्रत्येक पेशीत जाते. दोघेही वाहक असतील, तर दोन्हीकडून सदोष जनुक येण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. वाहक मूल होण्याची ५० टक्के. आणि पूर्ण निर्दोष मूल होण्याची २५ टक्के असते. लग्नापूर्वी दोघांनीही रक्ततपासणी करावी असे सांगतात ते यासाठी.

दुसऱ्या भागाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. ‘चारात एक’ याचा अर्थ चार मुलांची वाटणी असा नाही. नाणे एकदा छापा पडले म्हणून पुढच्या वेळी काटा पडण्यास बांधलेले नसते, त्याप्रमाणे आधीच्या अपत्याला काय झाले याची नोंद पुढच्या अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत कुठेही नसते. प्रत्येक गर्भधारणेत २५ टक्क्यांची ती शक्यता पुन्हा पहिल्यापासून असते, आणि गर्भारपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच डॉक्टरांना दोघांचे अहवाल दाखवल्यास पुढच्या तपासण्यांसाठी वेळ मिळतो.